आजार-फंडाचा सातवा प्रश्न

दिवाळीच्या अंकासाठी वऱ्हाडातल्या कापसाच्या तेजीबद्दल काही लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं. त्यांना काय हवं आहे ते मी ओळखून आहे. बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवणारे शेतकरी त्यांना हवे आहेत. त्या वर्षांत मी अमरावतीतच होतो. चांदीच्या धावा ऐकल्या खूप, पाहिली एकही नाही. तेव्हा ते कुणा दुसऱ्याकडून लिहून घ्यावं.

मी कापूस विकला नाही, घेतलाही नाही. एका कापूस दाबण्याच्या कारखान्यात मी नेटिव डॉक्टर होतो. तिथे औषध देणं हे माझं दुय्यम काम. मुख्य काम माणसांना त्यांची जुनी दुखणी विचारून कागदावर उतरवण्याचं. त्या कामाबद्दल आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता सत्तरी उलटली आहे, म्हणून सांगतो.

अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. कापूस फुगीर असतो, गाडीत भरला तर मावतो थोडाच. म्हणून तो मोठ्या लाकडी पेटीत घालायचा, माणसांनी आत उतरून पायांनी तुडवायचा, मग वरून इंजिनाच्या जोराने दाबायचा आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळून गाठ बांधायची. तुडवणाऱ्यांच्या नाकातोंडात तंतू जात. काम संपवून पेटीतून वर आलेला पंचविशीतला गडी भुवयांनी साठीचा दिसे. अंगणात बाया ओळीने बसून कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडून बाजूला काढत. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, त्यामुळे आमच्याकडे इंजिनाला उसंत नव्हती.

कारखान्याचे मोठे साहेब पन्नाशीचे, ठेंगणे, लाल मानेचे गृहस्थ होते. त्यांचं गाव गिरण्यांचं. लहानपणी त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा विणकरांनी आपसांत चालवलेल्या फंडातून त्यांना औषध आणि घरात पीठ मिळालं होतं. ती आठवण साहेबांनी बोटीतून बरोबर आणली असावी. तसाच फंड त्यांनी इथे काढला. पगारातून थोडी कपात द्यायची, आणि आजारी पडलं की औषध, अर्धा पगार, माणूस गेला तर घरच्यांना मदत. कामकऱ्यांनी त्याला ‘आजार-फंड’ असं नाव दिलं.

फंडात यायचं तर माझ्या टेबलासमोर बसावं लागे. माझ्याकडे छापील कागद होता, त्यावर नऊ प्रश्न. मागे देवी आल्या होत्या का, पोटात पाणी झालं होतं का, रक्त पडलं होतं का, असे. काहीच दुखणं नसेल तर माणूस फंडात पुरा आला. जुनं साधं दुखणं सांगितलं तर तेवढं दुखणं सोडून बाकी सगळ्याला फंड मदत देई. रक्त पडणं, महारोग, फेफरं अशी तीन-चार दुखणी असली तर घेतच नसत. आणि दुखणं लपवून पुढे सापडलं, तर नाव बाद आणि भरलेली कपातही गेली.

अंगणात याची एक म्हण झाली होती. “सांगतलं तं घेत नाई, अन् नाई सांगतलं तं देत नाई.”

मी प्रत्येकाला समजावत असे की, बाबा, एकाने दुखणं लपवलं की त्याच्या औषधाचा भार खरं बोललेल्यांवर पडतो आणि फंड बुडतो. यात खोटं काही नव्हतं, आजही नाही. पण समोर बसलेल्या माणसाला फंडाची नाही, आपल्या फुप्फुसाची काळजी असते, हे मला उशिरा कळलं.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येत. नांदगाव पेठेकडचा एक गाडीवान आपली सगळी दुखणी सांगून झाल्यावरही उठेना. विचारात पडून म्हणाला, “गेल्या साली बैलाले खुरी आली होती जी. थे लिवाव लागन काय?” दुसरा एक जण घरून पाठ करूनच आला होता. मी काहीही विचारलं की “नाई जी.” देवी? नाई जी. खोकला? नाई जी. लग्न झालंय? “नाई जी.” त्याच्या मागे त्याची बायको काखेत पोर घेऊन उभी होती. तिने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की पुढचे दोन प्रश्न मला हसू दाबत विचारावे लागले.

सगळेच किस्से असे नव्हते. सोनाजी म्हणून गाठी आवळणारा एक उंचापुरा गडी होता. रक्त पडलं होतं का, या प्रश्नाला त्याने माझ्या डोळ्यांत बघून “नाई” म्हटलं. चार महिन्यांनी तो पट्टी आवळता आवळता खोकला आणि समोरच्या पांढऱ्या गाठीवर लाल शिंतोडे उडाले. मी त्याची छाती तपासली. दुखणं चार महिन्यांचं नव्हतं, जुनं होतं. बळीराम मुकादमाला खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “दोन वर्सामागं गावाले बी पडलं होतं त्याले.” मी तसा अहवाल लिहिला. सोनाजीचं नाव फंडातून गेलं, आणि पावसाळा संपायच्या आत सोनाजीही गेला.

त्याची बायको माझ्या टेबलाशी आली. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “तुमी लिवलं नसतं तं कोनाले समजलं असतं काय?”

मी तिला नियम सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून अंगणातलं माझं बोलणं-चालणं आटलं. मी विहिरीवर पाणी प्यायला गेलो की बायांचं बोलणं थांबे. मुळात मी साताऱ्याकडचा, तिकडे ‘मले-तुले’ म्हणतात, त्यामुळे माझ्या ‘मला-तुला’ला लोक आधीच हसत. आता हसणंही बंद झालं. शिवाय ज्याने म्हणून आपलं आतलं दुखणं मला सांगितलं होतं, तो पुन्हा माझ्याशी नजर मिळवत नसे. दोन-तीनशे माणसांच्या शरीरांची खडान्खडा माहिती मला होती, आणि सणावाराला एकाचंही बोलावणं येत नव्हतं. खोली परकोटाच्या आत होती. हाताने भात शिजवायचा, जेवायचा, भांडं घासून पालथं घालायचं. रविवारी अंबादेवीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. असं माझं चाललं होतं.

आता माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कागदावरचा सातवा प्रश्न होता, “कधी फेफरं किंवा मूर्च्छा येते काय?” मला फेफरं येत असे. चौदाव्या वर्षी शाळेत पहिल्यांदा आलं. नंतर वर्षातून तीन-चार वेळा. आईने ते भाऊबंदांपासूनही लपवलं. येण्याआधी माझ्या तोंडाला तांब्याची चव येई. तेवढ्यात मी घर गाठायचं आणि आतून कडी लावायची. ही विद्या मी मुंबईत वैद्यकी शिकताना पक्की केली होती. तिथे तीन वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

कारखान्यात लागताना मलाही फंडात यावं लागलं. मुंबईला कंपनीच्या डॉक्टरांनी मला हेच नऊ प्रश्न विचारले होते. सातव्याला मी “नाही” म्हणालो. ते म्हणायला मला क्षणभरही लागला नाही. इतकी वर्षं ते तोंडात तयारच होतं. खरं सांगितलं असतं तर नोकरी नव्हती, आणि घरी आई माझ्या पैशांवर होती. ही सबब सोनाजीकडेही होती.

घरून मुली सांगून येत. मी दरवेळी काहीतरी कारण काढून नकार कळवी. बायको आली की कडी लावायची कुणापासून, असा माझा साधा हिशेब होता. आईला वाटे, पोराने तिकडे कुणी ठेवली आहे.

होळी होऊन गेल्यावर, उन्हं तापायला लागली होती, तेव्हा पुंजाबाई माझ्या टेबलासमोर आली. कवडी वेचणाऱ्या बायांपैकी. तिशीची, माळ्याची, नवरा वारलेला. खुर्ची होती तरी ती खालीच बसली.

“घरी कोण आहे?”

“कोनी नाई. भाऊ हाय अकोल्याले. त्याचा भाजीचा मया हाय.”

मळ्याला तिकडे मया म्हणतात. मी लिहीत गेलो. देवी लहानपणी आल्या होत्या. ताप येतो-जातो. सातवा प्रश्न मी नेहमी जरा घाईने विचारत असे. तसाच विचारला.

“मिरगी येते मले,” ती म्हणाली. फेफऱ्याला वऱ्हाडात मिरगी म्हणतात.

माझा टाक थांबला. मी आवाज खाली आणून म्हणालो, “बाई, प्रश्न नीट समजला का? उन्हाने कधी चक्कर आली असेल.”

“चक्कर नाई जी. मिरगी. लहानपनापासून येते. तोंडाले फेस येते म्हनतात.” तिने पदर मागे सारून डावा हात पुढे केला. कोपरापर्यंत कातडी भाजून आकसलेली. “चुलीत पडलो होतो तवाचं हाय हे.”

(वऱ्हाडात बायाही ‘पडलो, गेलो’ असंच म्हणतात. पुणेकरांनी दचकू नये.)

“हे लिहिलं तर तुम्हाला फंडात घेणार नाहीत.”

“मंग नका घेऊ.”

“कदाचित कामावरूनही काढतील.”

तिने पदर पुन्हा हातावर ओढून घेतला. मग म्हणाली, “पन खोटं काहून सांगू? एक दिस पडनच ना मी सगळ्याईसमोर. तवा काय सांगू?” आणि माझ्याकडे बघून, “तुमीच तं म्हनता, खरं सांगा म्हून.”

टाकाची शाई वाळली होती. मी तो पुन्हा दौतीत बुडवला आणि सातव्या प्रश्नापुढे “होय” लिहिलं.

मी “नाही” लिहू शकलो असतो. तसं मनात आलंही. पण ती इंजिनाच्या पट्ट्याजवळ पडली असती तर, हा विचार होता. शिवाय दुसराही एक विचार होता, आणि तो मी कधी कुणाजवळ बोललो नाही. सोनाजीच्या बाबतीत नियम दाखवणाऱ्या मी या बाईच्या बाबतीत नियम मोडला, तर लोक विचारतील की डॉक्टरला मिरगीचाच एवढा कळवळा का. माझी भीती तिच्या खरेपणाहून मोठी ठरली. पट्ट्याचं कारण खरं होतं, पण ते मला सोयीचंही होतं.

साहेबांनी कागद वाचला आणि त्याच आठवड्यात तिला कामावरून कमी केलं. जाताना ती माझ्याकडे आली. मी काहीतरी ऐकून घ्यायची तयारी केली होती. ती म्हणाली, “डागदर, मिरगीवर दवा हाय काय?”

“नाही,” मी म्हणालो. “खात्रीचं असं नाही.”

“बरं,” म्हणाली आणि गेली. तिच्या ओळीतल्या एकाही बाईने मान वर करून पाहिलं नाही. कदाचित तिच्याकडे पाहायचं नव्हतं, कदाचित माझ्याकडे.

पुढच्या साली आगगाडी सुरू झाली. अकोल्याला आमच्या कंपनीचा दुसरा कारखाना होता. तिथली माणसं तपासायला मी आठवड्यातून एकदा बडनेऱ्याहून गाडीने जाऊ लागलो. उन्हाळ्यातला एक बाजारचा दिवस होता. दुपारी काम आटोपून स्टेशनाकडे निघालो होतो. बाजारात पालांची दाटी, कापसाच्या गाड्या, धूळ. अचानक तोंडाला तांब्याची चव आली.

अकोल्यात मला खोली नव्हती. मी आडोसा शोधायला चार पावलं झपाझप टाकली, एवढं आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याखाली ओलं पोतं होतं आणि मी कुशीवर होतो. भोवती पायच पाय. कुणीतरी जोडा हुंगवायला वाकला होता, आणि एक बाई त्याच्यावर ओरडत होती, “ठेव थो जोडा खाली! जोड्यानं काई होत नाई. सरका बाजूले, वारा येऊ द्या त्याईले!”

तो आवाज मी ओळखला. पुंजाबाई होती. कामावरून निघाल्यावर ती भावाकडे आली होती आणि त्याच्या मळ्यातली भाजी घेऊन बाजारात बसत होती. मी तिच्या टोपल्यांतच पडलो होतो. वांगी आणि सांभार (कोथिंबिरीला तिकडे सांभार म्हणतात) सगळीकडे पसरलं होतं.

गर्दीतला एक कारकुनी पागोटंवाला म्हणाला, “हे तर कारखान्याचे डागदर. काय झालं यांना? मिरगी काय?”

मी कोपरावर उठू पाहिलं.

“ऊन लागलं त्याईले,” पुंजाबाई म्हणाली. “मिरगी मले ठाव नाई काय? मले येते नं. हे ऊन हाय. जा आपापल्या कामाले.”

गर्दी पांगली. जिने स्वतःसाठी खोटं बोलायला नकार दिला, ती माझ्यासाठी भर बाजारात खोटं बोलली. तिने मला तांब्यातून पाणी पाजलं आणि माझ्या तोंडावरचा फेस आपल्या पदराने पुसला. मग सांभार गोळा करता करता, वर न बघता विचारलं, “त्या दिशी माह्यावर लिवलं तुमी. तवा तुमाले येत होती?”

“येत होती.”

“अन् तुमच्या कागदावर काय हाय?”

“नाही, असं आहे.”

ती चिडेल असं मला वाटलं. चिडती तर बरं झालं असतं. तिने जुड्या एकीवर एक रचल्या, त्यावर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, “मले तं सारं गाव जानते, डागदर. पडलो तं उचलतात. तुमाले कोन जानते?”

आईशिवाय कुणी नाही, आणि आई त्याच सालच्या संक्रांतीला वारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. इंग्रजीत जे म्हणाले ते असं : “तुम्ही घेतलेल्या प्रत्येक जबानीखाली तुमची सही आहे. मी विचारलं आणि मला उत्तर खरं वाटलं, अशी. आता त्या सह्यांचं मी काय करू?”



त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी माझ्याच हाताने नऊ उत्तरं लिहिली, सातव्याला “होय”. सही केली. मग धीर करून म्हणालो की, फेफऱ्याच्या माणसाला फंडात साफ नाकारू नये. फेफरं तेवढं सोडून बाकी दुखण्यांना मदत द्यावी, आणि काम यंत्रापासून दूर द्यावं. निदान पुंजाबाईला तरी परत घ्यावं.

“आज तुम्ही काही मागण्याच्या जागी नाही,” साहेब म्हणाले.

ते खरंच होतं. महिनाभरात मुंबईहून पत्र आलं आणि माझी नोकरी गेली. पण जायच्या दिवशी साहेबांनी मला बोलावून नवा छापलेला नियम दाखवला. फेफरं नाकारायच्या दुखण्यांतून काढून साध्या दुखण्यांच्या यादीत घातलं होतं. त्यांनी हात पुढे केला नाही, मीही केला नाही. पण मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते पायरीवर उभे होते.

मी तडक अकोल्याला गेलो. पुंजाबाईला सांगितलं की, तुम्हाला परत काम मिळेल, फंडातही नाव घालतील.

ती हसली. “आता कोठी येतो मी? अठी पडलो तं शेजारच्या बाया टोपली सांभाळतात, डोक्याखाली पोतं देतात. तठी साऱ्याईले नव्यानं शिकवाव लागन.” मग म्हणाली, “नोकरी गेली तुमची?”

“गेली.”

“जेवले काय?”

मी नाही म्हणालो. तिने फडक्यातली भाकर आणि ठेचा पुढे केला. वऱ्हाडात आल्यापासून कुणी मला वाढलेलं ते पहिलं जेवण.

पुढचं थोडक्यात. अमेरिकेतली लढाई संपली आणि तेजी जशी आली तशी बसली. कारखाना बंद पडला, साहेब विलायतेला गेले, फंडही मोडला. मी परतवाड्याला एक लहान दवाखाना घातला. तिथे येणाऱ्या प्रत्येक घराला मी आधी माझं दुखणं सांगितलं. काही लोक त्यामुळे आलेच नाहीत. ज्याला स्वतःचं बरं करता येत नाही तो आमचं काय करणार, असं एका पाटलांनी मला तोंडावर सांगितलं, आणि त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. मेळघाटातून उतरणारी गरीब माणसं मात्र येत राहिली. लग्नाचं आता कुणी विचारीना. खोलीला आतून कडी लावणं मी सोडलं, पण बाहेरून ढकलून आत येणारंही कुणी नव्हतं.

मुंबईहून आलेली औषधं अकोला स्टेशनात उतरत. ती आणायला दोन-तीन महिन्यांनी मी दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून दोन दिवसांचा रस्ता काटत जाई. पुंजाबाईच्या पालापाशी अर्धा दिवस बसत असे. एव्हाना फेफऱ्यावर एक नवा पांढरा क्षार मिळू लागला होता. तो मी आधी स्वतः घेऊन पाहिला, मग तिला दिला. दोघांनाही थोडा गुण आला.

गेल्या गेल्या ती विचारी, “किती डाव?”

“दोनदा. तुम्हाला?”

“एकच डाव. जितलो मी.”

आणि आम्ही हसत असू. बाजारातल्या लोकांना आम्ही काय बोलतो ते कळत नसे. मग ती वांगी विकी आणि मी पोत्यावर बसून राही. दुसरं काही बोलायला लागत नसे. अशी दहा-बारा वर्षं गेली. तिला मी ‘अहो पुंजाबाई’ म्हणे, ती मला ‘डागदर’. याहून जवळचं नाव आम्ही एकमेकांना दिलं नाही, आणि याहून जवळचं माणूस मला मिळालं नाही.

एका हिवाळ्यात गेलो तर तिच्या जागी एक म्हातारा माळी बसला होता. तोंडवळ्यावरून भाऊ असणार हे कळलं. त्याला मी विचारलं.

“गेली बाई,” तो म्हणाला. “हिरीवर पानी शेंदून राहिली होती. मिरगी आली, तशीच आत पडली. आमी समदे वांग्यात होतो, कोनाले दिसलंच नाई. आठ दिस झाले.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, “परतवाड्याचे डागदर काय तुमी?”

“हो.”

“सांगत राहे ती.” तो सरकला आणि त्याने पोत्यावर जागा केली. “बसा.”

मी बसलो. गिऱ्हाइकं येत होती, तो तोलून देत होता. एका बाईने सांभाराची जुडी मागितली, ती माझ्या हाताशी होती म्हणून मी उचलून दिली. उन्हं कलली तसा त्याने उरलेला माल टोपलीत भरला, पोतं झटकलं, आणि “चलतो मंग जी” म्हणून तो बैलांकडे गेला.

स्टेशनातून माझी औषधाची पेटी सोडवून मी परत निघालो. त्यानंतर औषधं मी टपालाच्या पार्सलाने परतवाड्यालाच मागवू लागलो.